रक्त घ्यायच्या आधी गोळ्यांची पिशवी बघणारी जळगावची लॅब

पाचपैकी साडेचार द्यायचे होते, इथे अर्धा स्टार देता येत नाही म्हणून पाच दिलेत, अर्धा कुठे कापला ते खाली येईलच. लांब लिहिणार आहे. घरात हार्ट फेल्युअरचा पेशंट असेल आणि त्याला सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टनची गोळी चालू असेल तर प्लीज पूर्ण वाचा, कारण आम्ही एका आकड्यापायी चार रात्री झोपलो नाही आणि त्याची काहीच गरज नव्हती.

आम्ही अमळनेरचे. मी कॉलेजात झूऑलॉजी शिकवते. माझे वडील, नाना, वय ७१, ऑक्टोबरमध्ये दम लागून जळगावला अॅडमिट झाले, इको केला तर हृदयाचं पंपिंग ३० टक्के. पाय सुजलेले, रात्री उशाला तीन उश्या. आधी रामिप्रिल आणि लघवीच्या गोळीवर होते, मग फेब्रुवारीत कार्डिऑलॉजिस्टनी रामिप्रिल बंद करून ही नवी गोळी लावली. फरक डोळ्याला दिसत होता. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला बोरीच्या पात्रात स्वतः चालत गेले आणि चालत आले, दिवाळीत हाच माणूस बाथरूमपर्यंत जाऊन बसत होता.

मे महिन्यात डॉक्टरांनी चिठ्ठीवर टेस्ट लिहून दिली. अक्षर घाईतलं होतं. ऊन ४४ च्या वर, नानांना जळगावला कशाला न्या म्हणून मी इथेच एका कलेक्शन सेंटरला रक्त दिलं, त्यांनी चिठ्ठी बघितली, बीएनपी ना (हृदयावर किती ताण आहे ते रक्तातून सांगणारी टेस्ट), म्हणाले, आणि घेतलं. गोळ्या कोणत्या चालू आहेत असं कोणी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, बीएनपी ६१०. जानेवारीत, म्हणजे नव्या गोळीच्या आधी, तिथेच केलेलं ३८० होतं. माझ्या पायाखालची जमीन सरकली. माणूस चांगला दिसतोय आणि आकडा दीडपटीच्या वर, म्हणजे आतून काहीतरी बिघडतंय आणि आपल्याला कळत नाहीये असं वाटलं. त्यात काकांनी फाइल चाळली आणि ते खूश, की अगं फेब्रुवारीत तर २१५० होतं, आता ६१० म्हणजे किती उतरलं! फाइलमध्ये खरंच २१५० लिहिलेलं होतं. दोघं एकाच फाइलवरून भांडत बसलो. नंतर कळलं दोघंही चूक, कारण २१५० हे एनटी-प्रोबीएनपी होतं आणि बाकीचे दोन बीएनपी, युनिट एकच, पिकोग्रॅम पर मिलिलिटर, नावही जवळपास तेच, पण टेस्ट वेगळ्या आणि आकडे एकमेकांशी लावताच येत नाहीत.

कार्डिऑलॉजिस्ट आठवडाभर बाहेरगावी होते. कॉलेजातल्या एका मॅडमनी या लॅबचं नाव सांगितलं, सकाळच्या गाडीने धरणगावमार्गे जळगाव गाठलं.

आता लॅबबद्दल. काउंटरवरच्या ताईंनी आधी पैसे नाही मागितले, चिठ्ठी बघितली, वय विचारलं आणि म्हणाल्या बाबांच्या गोळ्यांची पिशवी आणलीये का. मी आणली होती. त्यांनी एकेक स्ट्रिप बाहेर काढून बघितली. सॅक्युबिट्रिलचं नाव वाचलं आणि लगेच म्हणाल्या, या गोळीवर बीएनपी नको, एनटी-प्रोबीएनपी करू, मॅडमशी एकदा बोलून घ्या. मग विचारलं केसांच्या-नखांच्या व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतात का, म्हणजे बायोटिन, कारण जास्त डोसचं बायोटिन पोटात असेल तर काही मशीनवर आकडा चुकतो. नाना घेत नाहीत, पण विचारलं हे महत्त्वाचं. शेवटचं क्रिएटिनिन किती तेही विचारलं, किडनी मंद असली तर हा आकडा तसाच वर राहतो म्हणून.

आणि त्या पिशवीत त्यांना रामिप्रिलची जुनी अर्धी स्ट्रिप सापडली.

नाना ती खात नव्हते. पण फेकायची कशाला, पैशाची वस्तू, म्हणून नव्या गोळीच्याच शेजारी ठेवलेली. ताई ती स्ट्रिप घेऊन सरळ आत मॅडमकडे गेल्या. मॅडम म्हणजे इथल्या पॅथॉलॉजिस्ट. त्या बाहेर आल्या, नानांच्या शेजारी बाकावर बसल्या आणि स्पष्ट सांगितलं की या दोन गोळ्या एका पिशवीत राहूच द्यायच्या नाहीत, एकीवरून दुसरीवर जाताना मध्ये ३६ तास सोडावे लागतात, चुकून दोन्ही पोटात गेल्या तर ओठ, जीभ, घसा सुजून श्वास अडकू शकतो. हे मला माहीत असायला हवं होतं. डॉक्टरांनी फेब्रुवारीत ३६ तासांचं सांगितलेलं, पण का ते त्या गडबडीत डोक्यात शिरलं नव्हतं. स्ट्रिप तिथेच टाकून दिली.

मग मॅडमनी जे समजावलं त्यासाठीच खरं तर मी एवढं टाइप करतेय. नानांच्या खिशात जपमाळ असते. मॅडम म्हणाल्या, नाना, तुमची माळ द्या जरा. मणी किती? नाना म्हणाले १०८. त्या म्हणाल्या, तुमचं हृदय ताणलं गेलं की अशीच १०८ मण्यांची माळ तयार करतं, तिचं नाव प्रोबीएनपी. (खरंच १०८ अमिनो आम्लं असतात, मी घरी येऊन पुन्हा पुस्तकात बघितलं, इतकी वर्षं शिकवतेय आणि कधी जपमाळ आठवली नाही.) ही माळ तुटते, एक तुकडा ३२ मण्यांचा, तो बीएनपी, तो कामाचा, तो रक्तवाहिन्या सैल करतो, मीठ-पाणी लघवीतून बाहेर काढतो, म्हणजे ताणलेल्या हृदयाला मदत करतो. दुसरा तुकडा ७६ मण्यांचा, तो एनटी-प्रोबीएनपी, त्याचं स्वतःचं असं काम माहीत नाही पण तो रक्तात जास्त वेळ टिकतो. म्हणून हृदयावर किती ताण आहे ते दोघांपैकी कशानेही मोजता येतं.

आता मधे येतं ते एन्झाइम. नेप्रिलायसिन. मॅडम म्हणाल्या अडकित्त्यासारखं समजा. पेशीच्या कातडीत त्याचं मूळ रोवलेलं, एक छोटं टोक आत आणि जवळजवळ सगळं शरीर बाहेर लटकलेलं, आणि त्याच्या तोंडात जस्ताचा एक अणू, त्याच्याशिवाय पातं चालत नाही. तोंड अरुंद आहे. सुपारी मावते, नारळ मावत नाही, म्हणजे छोटे पेप्टाइड, अमिनो आम्लांच्या छोट्या माळा, कातरतं, मोठ्या प्रोटीनला हात लावत नाही. सगळ्यात जास्त किडनीत असतं. तो ३२ मण्यांचा तुकडा याच्या तोंडात जातो, ७६ चा जात नाही. नानांची नवी गोळी, तिचा सॅक्युबिट्रिलचा भाग, शरीरात गेल्यावर बदलतो आणि या अडकित्त्याच्या तोंडात जाऊन बसतो. मग कातरणं थांबतं आणि हृदयाला मदत करणारे तुकडे जास्त वेळ रक्तात राहतात. म्हणजे बीएनपी वाढणं हे काही वेळा गोळी काम करतेय म्हणूनच असतं! सगळ्यांचं सारखं वाढत नाही हेही त्यांनी सांगितलं, बऱ्याच जणांत थोडंच वाढतं, कारण बीएनपी हे या एन्झाइमचं फार आवडतं खाणं नाही, त्याचा भाऊ एएनपी तो जास्त पटकन कातरतो. पण एखाद्यात बऱ्यापैकी वाढतं आणि घरचे घाबरतात, आमच्यासारखे. म्हणून या गोळीवरच्या माणसाचं एनटी-प्रोबीएनपीच बघायचं, ते हृदयाचा ताण खरंच उतरला तर उतरतं.

मी विचारलं की मग गोळीत व्हल्सार्टन कशाला जोडलंय. तर अडकित्ता एकट्या चांगल्या सुपाऱ्या कातरत नाही. अँजिओटेन्सिनही कातरतो, जे रक्तवाहिन्या आवळतं. नुसता अडकित्ता बंद केला तर तेही साठणार, म्हणून त्याचा परिणाम अडवायला व्हल्सार्टन सोबत लागतंच. आणि तो ब्रॅडिकायनिनही कातरतो, ज्याने सूज येते. ब्रॅडिकायनिन मोडणारं दुसरं एन्झाइम म्हणजे एसीई, तेच रामिप्रिलने बंद होतं. दोन्ही दारं बंद केली तर ब्रॅडिकायनिन जाणार कुठे, म्हणून ती घशाची सूज, म्हणून ३६ तास. याआधी ओमापॅट्रिलाट नावाचं औषध होतं, ते एकटंच ही दोन्ही एन्झाइम बंद करायचं, आणि या सुजेमुळेच ते बाजारात येऊ शकलं नाही. नानांच्या गोळीची मोठी ट्रायल, पॅराडाइम-एचएफ, २०१४ ला आली, आठ हजारांवर पेशंट होते, जुन्या एनालाप्रिलच्या तुलनेत हृदयाने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने अॅडमिट होणं हा धोका २० टक्क्यांनी कमी. आपल्याकडे आधी महाग पडायची, २०२३ ला पेटंट संपल्यावर जेनेरिक आल्या म्हणून आमच्यासारख्यांना दर महिन्याला परवडते.

हे सगळं बाकावर बसून चाललेलं, मागे लाइन होती तरी मॅडमनी घाई केली नाही. नाना मधेच म्हणाले, कितला डाव रगत काढशात वं माय? ताई हसल्या, म्हणाल्या बाबा एकच डाव, आणि खरंच एकदाच टोचलं, पहिल्या झटक्यात नस मिळाली, नानांच्या हातावर नस मिळणं किती कठीण आहे हे ज्यांनी बघितलंय त्यांना कळेल.

सॅम्पलबद्दल पण एक गोष्ट. बीएनपी नळीत असतानाही तुटत राहतं, त्याला ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) प्लास्टिकची नळी लागते, काचेची चालत नाही, आणि लवकर गार ठेवून तपासावं लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात मोटरसायकलवरच्या डब्यातून दुपारी सॅम्पल गेलं तर आकडा खोटाच कमी येऊ शकतो. म्हणजे आमच्या ६१० वर एका बाजूने गोळीचा परिणाम, दुसऱ्या बाजूने उन्हाचा, त्यातून काय वाचायचं? एनटी-प्रोबीएनपी त्या मानाने दणकट आहे. तरी इथे मी स्वतः बघितलं, नळीवर वेळ लिहिली आणि दहा मिनिटांत आत नेली.

रिपोर्ट त्याच दिवशी संध्याकाळी. ११६०. फेब्रुवारीच्या २१५० शी लावायचा तो हा आकडा, जवळपास निम्मा. मी रेल्वे स्टेशनवर बाकावर बसून रडले. नाना म्हणाले, माले आते चांगलं वाटस हे मी तुले कवय सांगी राहिनू.

आता अर्धा स्टार. रिपोर्टवर शेजारी नॉर्मल म्हणून फक्त १२५ छापलेलं आणि ११६० समोर लाल अक्षरात हाय. ज्याला कोणी समजावलं नाही तो हा कागद बघून परत घाबरणारच. हार्ट फेल्युअर माहीत असलेल्या माणसात आधीच्या आकड्याशी तुलना महत्त्वाची, वयाप्रमाणे पण फरक पडतो, दम लागून आलेल्या पेशंटमध्ये तर पन्नाशीच्या आतल्यांना ४५०, पंच्याहत्तरपर्यंत ९००, त्यापुढे १८०० अशा वेगवेगळ्या रेषा डॉक्टर धरतात. हे दोन ओळी मराठीत खाली छापायला काय हरकत आहे? मी मॅडमना सांगितलं, त्यांनी मान्य केलं, बदलतात का बघू. दुसरं म्हणजे लॅब दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. दम लागणारे पेशंट येतात इथे! आम्ही नानांना प्रत्येक वळणावर थांबवत वर नेलं. नंतर कळलं की फोन केला तर ताई खाली येऊन रक्त घेतात, मग ते बोर्डवर लिहा ना. पार्किंग नाहीच. २२०० रुपये घेतले, टेस्ट महागच आहे, पण बिल दिलं आणि जास्तीच्या टेस्ट गळ्यात मारल्या नाहीत.

रात्री घरी येऊन मी आणखी वाचत बसले आणि नवीन भीती घेऊन मॅडमना दुसऱ्या दिवशी फोन केला (उचलला, हे पण लिहून ठेवते). हेच नेप्रिलायसिन मेंदूत अमायलॉइड बीटा कातरतं, अल्झायमरमध्ये साठतं ते. जपानमध्ये २००० च्या आसपास उंदरांवर दाखवलंय. मग रोज गोळीने ते बंद ठेवलं तर नानांच्या आठवणीचं काय? मॅडमनी प्रश्न उडवून लावला नाही. म्हणाल्या ही शंका सुरुवातीपासून सगळ्यांना होती म्हणूनच वेगळी ट्रायल केली, परस्पेक्टिव्ह नावाची, २०२२ ला निकाल आला, तीन वर्षं बघितलं आणि ही गोळी घेणाऱ्यांची स्मरणशक्ती नुसत्या व्हल्सार्टनवाल्यांपेक्षा जास्त घसरली असं दिसलं नाही. पुढचं कार्डिऑलॉजिस्टना विचारा, गोळी मनाने बंद करू नका, असं दोनदा बजावलं.

मी हेही विचारलं की ते एन्झाइमच थेट मोजता येत नाही का, म्हणजे नानांचा अडकित्ता किती बंद झालाय ते. म्हणाल्या रिसर्चमध्ये मोजतात. एक तर एलायझा, रक्तात सुटून आलेलं नेप्रिलायसिन किती ते अँटिबॉडीने पकडायचं. दुसरं म्हणजे एक छोटा पेप्टाइड द्यायचा ज्याच्या एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा, एन्झाइमने मधून कातरलं की चमक मोकळी होते, जेवढी चमक तेवढं काम, आणि ते खरंच नेप्रिलायसिननेच केलं हे बघायला शेजारच्या नळीत थायोर्फन टाकून ते बंद करून दाखवायचं. पण बहुतेक एन्झाइम पेशींवर बसलेलं असतं, रक्तातलं थोडंसंच, शिवाय किती आहे आणि किती काम करतंय हे दोन आकडे नेहमी जुळत नाहीत, म्हणून पेशंटसाठी ही टेस्ट आम्ही करत नाही आणि कोणी करा म्हटलं तर पैसे घालवू नका. लॅबवाल्यांनी टेस्ट करू नका म्हणणं मी पहिल्यांदा ऐकलं.

याच लॅबचा दुसरा अनुभव ओळखीच्या घरातला आहे, पारोळ्याकडचं पाच वर्षांचं लेकरू, ताप, अंगावर निळे डाग. बोन मॅरोचं सॅम्पल इथून फ्लो सायटोमेट्रीसाठी मुंबईला गेलं. त्या वेळी घरच्यांनी बर्फ आणून ठेवलेला, ताईंनी बर्फ काढायला लावला, हे सॅम्पल साध्या तापमानालाच आणि लवकरात लवकर पोचवायचं असतं कारण पेशी जिवंत हव्यात. रिपोर्टमध्ये पेशींवरच्या खुणा लिहिलेल्या, सीडी१९ पॉझिटिव्ह, सीडी१० पॉझिटिव्ह. आणि सीडी१० म्हणजे कोण? हेच नेप्रिलायसिन. सत्तरच्या दशकात ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, पेशींवर एक खूण सापडलेली, तिला काला (CALLA) म्हणायचे, आणि त्याच दशकात किडनीतलं कातरणारं एन्झाइम वेगळीच मंडळी अभ्यासत होती, १९८८-८९ ला रचना वाचल्यावर कळलं की दोन्ही एकच. पेशींवर रंगाच्या अँटिबॉडी चिकटवून लेझरसमोरून एकेक पेशी सोडतात आणि कोणत्या पेशीवर ही खूण आहे ते मोजतात. मॅडमनी त्या घरच्यांना हेही सांगितलं होतं की एकटं सीडी१० बघून कॅन्सर म्हणत नाहीत, चांगल्या वाढत्या बी पेशींवर आणि न्यूट्रोफिलवरही ते असतं, सगळं चित्र एकत्र वाचायचं असतं. लेकराची ट्रीटमेंट मुंबईला चालू आहे, केस परत यायला लागलेत.

आणि लहान मुलांच्या जुलाबावर जे रेसकॅडोट्रिलचं सॅशे देतात ना, तेही याच एन्झाइमला बंद करतं, फक्त आतड्यात. तिथे एन्केफॅलिन नावाचं छोटं पेप्टाइड कातरलं जात नाही म्हणून आतड्यात पाणी कमी सुटतं. माझ्या भाचीला दोन वर्षांपूर्वी हेच दिलेलं, तेव्हा मी नाव पण वाचलं नव्हतं.

सोमवार ते शनिवार सकाळी सातला उघडतात, रविवारी दुपारपर्यंत. रक्ताला उपाशी जायची गरज नाही, पण गोळ्यांची पूर्ण पिशवी न्या, नुसती नावं सांगू नका. खालूनच फोन करा. बिबडे, लोणचं, शेव अशा खारट खाण्याबद्दल मॅडम नानांना बोलल्या ते त्यांनी ऐकलं, आईचं आणि माझं कधी ऐकलं नाही. फाइलच्या कव्हरवर मी लाल पेनाने मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय, "सॅक्युबिट्रिल चालू आहे, बीएनपी नको, एनटी-प्रोबीएनपी करा, रामिप्रिल देऊ नका." पुढची टेस्ट पोळ्याच्या आधी उरकायची आहे, नाना आत्ताच म्हणताहेत की त्या रगतवाल्या माय कडेच जाऊ.